हंडीवरचं नाव : ठाणे ते नवगाव, चार दिवस

गुरुवार : मशीद बंदर, ठाणे

काकांनी मला आधी मशीद बंदरला नेलं. अलिबागला जायचं तर तिथे कशाला, असं मी विचारलं. "सुरुवात तिथूनच झाली पाहिजे," एवढंच ते म्हणाले. हातगाड्या आणि हमाल यांच्यातून वाट काढत आम्ही सॅम्युअल स्ट्रीटवर आलो. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रजांच्या फौजेतले, टिपू सुलतानाच्या कैदेत पडलेले आणि जिवंत परतलेले. परतल्यावर १७९६ साली त्यांनी बांधलेलं शआर हारहमीम, 'दयेचं दार', हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर. आजची इमारत १८६० ची आहे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी सिनेगॉगला मशीदच म्हणत. ही 'जुनी मशीद', आणि स्टेशनाचं नाव हिच्यावरूनच पडलं, असं काका छातीवर हात ठेवून सांगतात.

काका त्यांच्यातलेच, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे वडील. मैत्रीण आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते आणि काकांची थोरली बहीण, आमची आत्या, तिकडेच दिमोनाला. काका मात्र ठाणं सोडायला तयार नाहीत. मी पुण्यात जुन्या पोथ्या आणि हस्तलिखितं दुरुस्त करते. कसर लागलेली पानं, उडालेली शाई, चिकटलेले कागद हे माझं रोजचं काम. महिनाभरापूर्वी आत्यांचा फोन आला. काका-आत्यांच्या मूळ गावी, पेण आणि अलिबागच्या मधे, एक छोटं प्रार्थनाघर होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथे त्यांच्या घरच्यांनी वडिलांच्या नावाने दिव्याची एक काचेची हंडी दिली होती. "ती आहे का बघ. असली तर मला फोटो पाठव. मी नव्वदीला टेकले." काका म्हणाले, "हंडी बघूच, पण तिथे पुस्तकांची एक ट्रंकही आहे. तू चल."

मी त्या गावाचं नाव लिहिणार नाही. पितळ आणि चांदी यांचा वास चोरांना लवकर लागतो. कितीतरी ठिकाणी तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, काठ्यांवर बसवायची चांदीची शिखरं, ज्यांना 'रिमोनीम' म्हणजे डाळिंबं म्हणतात, ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी लागतात आणि सणापुरती बाहेर काढावी लागतात.

संध्याकाळी ठाण्यात काकांबरोबर शआर हाशामाईम सिनेगॉग बघितलं. १८७९ सालचं. आज देशातले सर्वांत जास्त बेने इस्रायल याच्याच आसपास राहतात, म्हणून इथे अजून माणसांची वर्दळ आहे. १९५० च्या आसपास हा समाज वीस हजारांच्या घरात होता. आता सगळ्या भारतात मिळून चार-पाच हजार. कोणी हाकललं नाही, कोणी छळलं नाही. गेले ते आपणहून. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आनंद झाला होता का, असं मी काकांना विचारलं. म्हणाले, "झाला. पण यादीत नाव आलं तेव्हा अर्धी आळी रिकामी होती."

रात्री जेवताना आमचा एक वाद झाला, तो पुढचे तीन दिवस चालूच राहिला. सेफेर तोरा चामड्यावर हाताने लिहितात, पिसाच्या लेखणीने. तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरं. लिहिणारा, म्हणजे सोफेर, प्रत्येक शब्द आधी तोंडाने म्हणतो आणि मग लिहितो. त्यातलं एक अक्षर तडकून उडालं तरी ती तोरा 'पासूल' ठरते, वाचनाला चालत नाही. मग सोफेर येऊन ते अक्षर नव्या शाईने भरतो. माझं शिक्षण याच्या बरोबर उलटं आहे. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की मूळ अक्षराला हात लावायचा नाही. उडालंय ते उडालंय, उरलंय ते धरून ठेवा, आणि जे कराल ते पुसता आलं पाहिजे. मी हे सांगितल्यावर काका भाताचा घास हातात धरून बघत राहिले. "म्हणजे तोरा तशीच राहील, पण वाचता येणार नाही? मग ती ठेवून काय करायचं?"

मी उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही.

शुक्रवार : पेण आणि ते गाव

ठाण्याहून पहाटे निघालो. गाडीच्या मागच्या सीटवर टिपकागद, मांजरपाटाचं कापड, मऊ ब्रश, वेखंडाची पूड आणि कॅमेऱ्याचा स्टँड. पनवेलला काकांनी २००५ च्या पुराची आठवण काढली. त्या जुलैत पाणी त्यांच्या मावशीच्या घरात शिरलं आणि हिब्रू-मराठी पुस्तकांचा लगदा झाला. पेणला थांबलो ते फक्त चहाला आणि १८६३ सालच्या बेथ हाएलोहीम सिनेगॉगकडे बाहेरून बघायला. उशीर करून चालणार नव्हतं. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि मग काका गाडीतही बसत नाहीत.

वाटेत पाट्या वाचत काका आडनावं सांगत होते. पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, पेझारीचे पेझारकर, वाकरूळचे वाकरूळकर. माणसं लोद आणि दिमोनाला गेली, पण आडनावाच्या शेपटीला गाव बांधलेलंच आहे. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकणात यांना 'शनवार तेली' म्हणत. घाण्याचा बैल शनिवारी सुटा असे. हे काकांनी आजोबांकडून ऐकलेलं.

गावात प्रार्थनाघराची किल्ली शेजारच्या आगरी कुटुंबाकडे आहे, तीन पिढ्यांपासून. दार उघडणाऱ्या वहिनी डोक्यावर पदर घेऊन आत आल्या आणि चौकटीच्या उजव्या बाजूला बोटं टेकवून ती कपाळाला लावली. तिथे मेझुझा, म्हणजे ज्यू घरांच्या चौकटीवर लावतात ती प्रार्थनेची डबी, होती कधीकाळी. आता फक्त दोन खिळे आहेत. "सासूबाई असंच करायच्या," त्या म्हणाल्या.

आत मधोमध तेवा, म्हणजे जिथे उभं राहून वाचतात तो लाकडी कठडा. समोर हेखाल, तोरा ठेवायचं कपाट. ते रिकामं, कारण इथल्या दोन्ही सेफेर तोरा पूर्वीच दुसरीकडे नेल्या. कोपऱ्यात एलियाहू हनाबीची, म्हणजे एलियाहू प्रेषिताची, खुर्ची. सुंतेच्या वेळी बाळाला आधी या खुर्चीवर ठेवायचं. एलियाहू स्वतः येऊन बसतो अशी श्रद्धा. खुर्चीच्या एका पायाला वाळवी लागलेली होती. मी टॉर्च मारला तर बाकीचे तीन पाय ठणठणीत, सागवानी.

पितळी साखळ्यांना लटकलेल्या हंड्या म्हणजे काचेचा पेला, त्यात पाणी, वर तेल, तेलात तरंगती वात. इथे आढ्याला नुसते आकडे होते. हंड्या कोपऱ्यातल्या पोत्यात निघाल्या, एकूण अकरा. सात पेले फुटलेले. प्रत्येकीच्या पितळी कड्यावर नाव घातलेलं. घरच्या भांड्यांवर कसं तांबट ठोके मारून ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालतो, अगदी तसं, देवनागरीत. 'यांचे स्मरणार्थ.' 'यांजकडून भेट.' काका एकेक कडं धोतराच्या टोकाने पुसून वाचत होते. अकराही झाल्या. आत्यांच्या वडिलांची हंडी त्यांत नव्हती.

ते काही बोलले नाहीत. मी ट्रंक उघडली.

ट्रंकेत वरपासून खालपर्यंत सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेची पुस्तकं. वरचा थर कसरीने जाळीदार केलेला, मधला बुरशीने चिकटलेला, तळ कोरडा. समुद्र जवळ असला की कागद कधीच पुरता वाळत नाही. पावसाळ्यात तो फुगतो, मग आक्रसतो, आणि दरवर्षी शिवणीपाशी थोडा फाटतो. याला औषध एकच, ते म्हणजे दसरा उलटला की पेटी उघडून उन्हाच्या कडेला, सावलीत, वारा द्यायचा. आपल्या आज्या पोथ्यांना करायच्या तेच. पण त्यासाठी घरात माणूस पाहिजे.

एका बाजूला हिब्रू, समोर मराठी भाषांतर, अशी बरीच पुस्तकं होती. बेने इस्रायलांनी मराठीत किती छापलं हे आपल्याला फारसं माहीत नसतं. पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, हागादा, मराठीसह मुंबईत १८४६ मध्येच निघाली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या हागादाच्या चित्रांत बायका लुगडी नेसून, जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. १८८० च्या सुमारास यांची कीर्तनं सुरू झाली. टाळ-चिपळ्यांवर अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं, ओव्या-साक्या-दिंड्यांसह. हे सगळं मराठी वाङ्मय आहे, आपलं आहे. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतून त्याला एखाद्या परिच्छेदापेक्षा जास्त जागा मिळायला हवी होती.

तळाच्या एका सिद्दूरमधून घडी घातलेला कागद पडला. आखीव वहीचा, शाई तपकिरी झालेली. वर 'तेलाची पाळी' असा मथळा आणि खाली बारा ओळी. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे मराठी महिने आणि प्रत्येकापुढे एका घराचं आडनाव. त्या महिन्याचं दिव्याचं तेल त्या घराने आणायचं. मी तो टिपकागदात घालून ठेवला.

साडेतीनला काका उठले. खाण्यायोग्य नसलेलं धान्य निवडावं तशी त्यांनी पुस्तकं दोन ढिगांत लावली होती. डावीकडची टिकणारी. उजवीकडची पुरायची.

देवाचं नाव ज्यावर लिहिलंय ते फेकत नाहीत, जाळत नाहीत, रद्दीत देत नाहीत. माणसासारखं पुरतात. मला याचा अर्थ कळतो. आपणही खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाही, जीर्ण पोथी नदीत सोडतो. पण उजव्या ढिगात मला शंभराहून जास्त वर्षांची मराठी पुस्तकं दिसत होती आणि ती मातीत जाणार होती. मी म्हटलं, "काका, यातली निम्मी मी वाचवू शकते. सहा महिने द्या." ते म्हणाले, "वाचवशील. पण कोणासाठी? काचेच्या पेटीसाठी?" शेवटी असं ठरलं की रविवारपर्यंत जेवढ्या पानांचे फोटो निघतील तेवढे काढायचे. रविवारी सकाळी पुरायचं.

शनिवार : अलिबाग (रात्री लिहिलेलं)

काल सूर्य मावळायच्या आत इस्रायल आळीत पोचलो. उतरलो ते काकांच्या नात्यातल्या एका मावशींकडे. मी ज्यू नाही, पण शब्बाथभर वही आणि कॅमेरा बॅगेत ठेवला. हे सगळं आठवून आता लिहितेय.

काल रात्री किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी पेला धरून म्हणायच्या प्रार्थनेला, द्राक्षाची दारू नव्हती. काळ्या मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत होतं. कोकणातल्या यांच्या पूर्वजांनी काढलेली ही वाट अजून चालू आहे. जेवायला नारळाच्या दुधातला रावस. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून यांच्या कालवणात सगळीकडे नारळाचं दूध. माशाचं तर पुराणच आहे. दावीद राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू कोकणात आला तेव्हा हे लोक शनिवार पाळतात, सुंता करतात, 'शेमा'ची प्रार्थना म्हणतात, एवढंच त्याला दिसलं. ग्रंथ नाहीत, हिब्रू विसरलेलं. त्याने बायकांपुढे टोपलीभर मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेचले, बाकीचे बाजूला सारले. तेव्हा त्याची खात्री पटली, अशी ही परंपरेने सांगितलेली गोष्ट. ग्रंथ बुडाला तरी स्वयंपाकघराने लक्षात ठेवलं.

सकाळी मागेन आबोथमध्ये. सिनेगॉग १८४८ चं, आत्ताची इमारत १९१० ची. तोराचं जाहीर वाचन करायचं तर दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ झाले होते. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, वाट बघत तेव्यापाशी उभे. बायकांच्या बाजूला मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "लहानपणी उभं राहायला जागा मिळायची नाही." वीसेक मिनिटांनी सुट्टीला आलेला एक तरुण धापा टाकत आत शिरला आणि सगळे एकदम उठून उभे राहिले. त्या क्षणी मला रडू आलं.

हेखाल उघडलं. चामड्याला उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही हा यांचा नियम आहे. ओळीवरून बोट नाही, 'याद' नावाची टोकाला इवलासा हात असलेली काडी फिरवतात. तोच आमच्या धंद्याचाही पहिला नियम. हाताचा घाम आणि तेल चामड्याला खातं. फार पूर्वी कोणी कसल्या भक्तीने हे ठरवलं असेल आणि त्यामुळे ही कातडी टिकली. तोरा आठवड्यातून उघडली, गुंडाळली, तिला वारा लागला, म्हणूनही टिकली. बंद राहिली असती तर घड्या धरून तडकली असती. गुरुवारच्या वादात काकांचं पारडं जड झालं, हे मी मनातल्या मनात कबूल केलं.

वाचन होतं 'हय्ये सारा'. सारा मरते आणि अब्राहाम तिला पुरायला परक्यांच्या गावात जमीन मागतो. ते फुकट देऊ म्हणतात. तो ऐकत नाही, चारशे शेकेल चांदी मोजून देतो.

दुपारी काकांनी मावशींना हंडीचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "साखळी तुटली होती म्हणून आमच्या ह्यांनी एक हंडी दुरुस्तीला आणलेली. परत न्यायची तर ते घरच बंद झालं. तीच मी शुक्रवारी लावते." काल रात्रभर ती आमच्या डोक्यावर जळत होती! आम्ही तिच्याच उजेडात जेवलो होतो.

पण शब्बाथ होता. तिला हात लावता येणार नव्हता. सूर्य मावळेपर्यंत काका तिच्याखाली खुर्ची टाकून बसून राहिले. शब्बाथ संपवायचा विधी, हव्दाला, झाली, लवंगेचा वास घेतला, मेणबत्ती विझवली आणि मग स्टूल लावून हंडी उतरवली. पेला नवा, कडं मूळचं. दर शुक्रवारी चिंच आणि राखेने घासून घासून ते आरशासारखं झालेलं आणि नाव पार गुळगुळीत. नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसेना. मी घरातले दिवे बंद करायला लावले आणि टॉर्च कड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला. तिरप्या उजेडात खळग्यांच्या सावल्या पडतात. एकेक ठिपका वर आला. काका अक्षरं जुळवत गेले आणि मधेच थांबले.

नाव वडिलांचं नव्हतं, आईचं होतं. माहेरच्या नावासकट.

आत्यांना लगेच फोन करता आला नाही. आपल्याकडे तारे दिसत होते, पण दिमोनात दुपार होती, त्यांचा शब्बाथ संपायला नऊ वाजणार होते. आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ लागला. काकांनी कडं कॅमेऱ्यासमोर धरलं, मी टॉर्च. आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईने बांगडी मोडली होती त्या वर्षी. कशाला ते आम्हाला कधी सांगितलं नाही."

हंडी मागायची का, असं मी काकांना विचारलं. कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं आतलं लाकडी काम नव्वदच्या दशकात जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये नेलं. ते तिथे नीट जपलेलं आहे, हेही खरं. काका मावशींकडे बघून म्हणाले, "जिथे लागते तिथेच राहू दे." मी मावशींना एवढंच सांगितलं की कड्याला राख लावू नका, मऊ कापडाने पुसा. नाव आणखी झिजेल. त्यांनी मान डोलावली, पण त्या ऐकतील असं वाटत नाही.

रविवार : कबरस्तान, नवगाव

पहाटे चारपर्यंत फोटो काढत होते. मराठी मजकुराची बहुतेक पानं झाली. चिकटलेली तीन पुस्तकं उघडलीच नाहीत.

सकाळी कबरस्तानात खड्डा तयार होता. काकांनी पुस्तकं मांजरपाटात बांधली. मीच आणलेलं कापड, जपायला आणलेलं. आपण पोथी बासनात बांधतो तशी गाठ मी मारली. आजूबाजूच्या दगडांवर हिब्रू आणि त्याखाली मराठी, कुठे मराठीच. काकांनी मृतांसाठीचं कद्दीश म्हटलं नाही, ते माणसांसाठी असतं. त्यांनी शेमा म्हटलं. माती लोटताना माझे हात थरथरत होते. काल पटलेलं सगळं त्या क्षणी पुन्हा पटेनासं झालं.

तिथून नवगाव. समुद्राला लागून, माडांच्या आडोशाला. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली आणि ती इथे पुरली, अशी यांची आद्यकथा. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युअल केहिमकरांनी हे इसवीसनापूर्वी १७५ च्या सुमाराचं मानलं. उंचवट्यांवर नावं नाहीत. एक स्मारक आहे. काका तिथे एक खडा ठेवून लगेच वळले.

रेवदंड्याचं १८४२ चं बेथ एल सिनेगॉग आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहूचा टापा, जिथे खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा उमटल्या आहेत असं मानतात, हे दोन्ही करायचं राहिलं. 'तू बिश्वाट' या झाडांच्या सणाला तिथे मलिद्याचं ताट भरतात तेव्हा ये, असं काका म्हणाले.

परतताना मी टिपकागदातली पाळीची यादी काढली. त्यावर देवाचं नाव नाही, म्हणून ती पुरलेली नव्हती. काका वाचू लागले. आश्विन, मग कार्तिक. कार्तिकापुढे त्यांचंच आडनाव होतं.

"आज तिथी काय?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइलवर बघितलं. कार्तिक चालू होता.

त्यांनी अलिबागच्या बाजारात गाडी थांबवायला सांगितली. घाण्याचं तेल हवं म्हणून दोन दुकानं फिरले, तिसऱ्यात मिळालं. एक लिटर खोबरेल घेऊन आम्ही पुन्हा इस्रायल आळीत गेलो. मावशी झोपल्या होत्या. काकांनी बाटली उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकवून ठेवली आणि दार ओढून घेतलं.